सर रॉबर्ट पील आणि कॉलरबोनचे फ्रॅक्चर : एका पडण्याने शिकवलेले धडे

गळ्याच्या खाली, दोन्ही बाजूंना हाताला लागणारे जे आडवे हाड असते त्याला आपण कॉलरबोन म्हणतो. जुन्या मराठीत ते हासळीचे हाड, आयुर्वेदात अक्षक आणि वैद्यकीय भाषेत क्लॅव्हिकल. भुसावळसारख्या गावात शाळेच्या सायकलपासून महामार्गावरच्या मोटारसायकलपर्यंत सगळे दोन चाकांवर चालते. त्यामुळे हे फ्रॅक्चर आम्हा डॉक्टरांना वरचेवर पाहायला मिळते. बहुतेक रुग्ण हात झोळीत ठेवून, शस्त्रक्रियेशिवाय बरे होतात. म्हणून घरचे लोक ही दुखापत किरकोळ समजतात आणि बहुतेक वेळा ते बरोबरही ठरते.

पण काही थोड्या रुग्णांत हेच हाड जिवावर बेतते. असे रुग्ण ओळखायचे कसे, हे समजायला एका माणसाचे आयुष्य उपयोगी पडते. हा माणूस दोन वेळा ब्रिटनचा पंतप्रधान होता, आधुनिक पोलीस दलाचा जनक म्हणून जगभर ओळखला जातो, आणि घोड्यावरून पडून कॉलरबोन मोडल्यानंतर चौथ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. त्यांचे नाव सर रॉबर्ट पील.

कापसाच्या घरातला मुलगा

पील यांचा जन्म ५ फेब्रुवारी १७८८ रोजी इंग्लंडच्या लँकेशायर भागातल्या बरी या गावी झाला. घराणे जमीनदारांचे नव्हते, कापसाचे होते. वडिलांचा सूतकताईचा आणि कापड छपाईचा मोठा धंदा होता. आपल्या खानदेशातल्या वाचकांना हा भाग अगदीच परका वाटू नये. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटून तिकडचा कापूस थांबला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या आणि त्यात खानदेशचा कापूसही होता.

वडील स्वतः खासदार होते. गिरण्यांत राबणाऱ्या लहान मुलांचे कामाचे तास आणि राहणीमान यांबद्दल १८०२ साली ब्रिटनमध्ये जो पहिला कायदा झाला, तो त्यांनीच पुढे आणला होता. मुलाला त्यांनी हॅरो शाळेत आणि मग ऑक्सफर्डला घातले. तिथे रॉबर्ट यांनी प्राचीन भाषा आणि गणित या दोन्ही विषयांत पहिला वर्ग मिळवला. १८०९ साली, वयाच्या २१ व्या वर्षी, ते संसदेत गेले. १८१२ ते १८१८ अशी सहा वर्षे त्यांनी आयर्लंडचा कारभार पाहिला. १८२० साली त्यांचा ज्युलिया फ्लॉइड यांच्याशी विवाह झाला. सासरे जनरल जॉन फ्लॉइड हे हिंदुस्थानात टिपू सुलतानाविरुद्धच्या लढायांत घोडदळाचे सेनानी होते. या जोडप्याला पाच मुलगे आणि दोन मुली झाल्या.

पोलीस, कायदे आणि धान्य

१८२२ मध्ये पील गृहमंत्री झाले. त्या काळी इंग्लंडमध्ये किरकोळ चोरीसारख्या अनेक गुन्ह्यांनाही फाशी होती. पील यांनी फौजदारी कायद्यांची साफसफाई केली आणि फाशीच्या गुन्ह्यांची यादी बरीच कमी केली. १८२९ साली त्यांनी लंडनसाठी पगारी, गणवेशातले, बंदूक न बाळगणारे पोलीस दल उभे केले. रॉबर्ट या नावाचे लाडके रूप बॉबी. त्यावरून लंडनचे लोक पोलिसाला आजही बॉबी म्हणतात.

१८३४-३५ मध्ये काही महिने आणि मग १८४१ ते १८४६ अशी पाच वर्षे ते पंतप्रधान होते. त्यांच्या याच कारकिर्दीत सिंध खालसा झाला आणि ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी १८४३ ची लढाई झाली. त्याच वर्षी जानेवारीत डॅनियल मॅकनॉटन नावाच्या मनोरुग्णाने पील समजून त्यांचे खाजगी सचिव एडवर्ड ड्रमंड यांना गोळी घातली. ड्रमंड काही दिवसांनी दगावले. त्या खटल्यातून वेडाच्या भरात केलेल्या गुन्ह्याविषयीचे मॅकनॉटन नियम तयार झाले आणि आपल्या भारतीय दंड संहितेतले कलम ८४ त्याच विचारावर बेतलेले होते.

पील यांचा सर्वांत मोठा आणि सर्वांत महागात पडलेला निर्णय धान्याचा. परदेशी धान्यावर जबर कर होते. त्याने जमीनदारांचा फायदा होई आणि गरिबाची भाकरी महाग होई. १८४५ मध्ये आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक रोगाने गेले आणि दुष्काळ सुरू झाला. पील यांच्या पक्षात जमीनदारच जास्त होते, तरी १८४६ साली त्यांनी हे कर काढून टाकणारा कायदा करून घेतला. पक्ष फुटला आणि त्याच जूनमध्ये त्यांना पद सोडावे लागले. गिरणी कामगारांच्या आणि गरिबांच्या घरात मात्र त्यांचे नाव आदराने घेतले जाऊ लागले.

२९ जून १८५०

पद गेले तरी पील खासदार होते आणि त्यांच्या शब्दाला वजन होते. २८ जून १८५० च्या रात्री परराष्ट्र धोरणावरच्या चर्चेत ते बोलले. सभागृह उठले तेव्हा उजाडत आले होते. थोड्या विश्रांतीनंतर त्याच दिवशी ते पुढच्या वर्षीच्या लंडनच्या महाप्रदर्शनाच्या समितीच्या बैठकीला गेले. संध्याकाळी नेहमीप्रमाणे घोड्यावर बसून फेरफटका मारायला निघाले. वय ६२, रात्रीची झोप अपुरी.

बकिंगहॅम राजवाड्याजवळच्या कॉन्स्टिट्यूशन हिल या रस्त्यावर घोडा बिथरला आणि पील तोंडावर आपटले. घोडाही अडखळून त्यांच्या पाठीवर आला. जवळच्या लोकांनी त्यांना उचलून एका बग्गीतून व्हाइटहॉल गार्डन्समधल्या घरी नेले. बग्गीतून उतरल्यावर ते आधार घेत घरात चालत गेले, पण आत पोहोचताच त्यांना भोवळ आली. वरच्या मजल्यावर नेणे शक्य नव्हते, म्हणून खालच्या जेवणघरातच त्यांचे अंथरूण घातले.

लंडनचे नामांकित सर्जन जमले. डावी कॉलरबोन मोडली होती, तिचे तुकडे झाले होते. वेदना इतक्या होत्या की पील यांना कोणी हात लावलेला सहन होईना. नीट तपासणी करता आली नाही. बांधलेली पट्टीही त्यांच्या आग्रहावरून सोडावी लागली. हाडाच्या खाली मोठी सूज आली आणि हृदयाच्या ठोक्याबरोबर ती उडताना दिसत होती. त्या काळच्या रीतीप्रमाणे जळवा लावल्या गेल्या. घराबाहेर लोकांची गर्दी दिवसरात्र थांबून राहिली. त्यात साधे कामगार मोठ्या संख्येने होते. मंगळवार, २ जुलै १८५० च्या रात्री पील यांचे निधन झाले.

हे हाड मोडते कसे

पील यांना नेमके काय झाले हे कळण्यासाठी आधी हाडाची रचना पाहू.

कॉलरबोन छातीच्या मधल्या हाडापासून खांद्याच्या पात्यापर्यंत जाते. हात आणि धड यांना हाडाने जोडणारा हा एकच दुवा आहे, बाकीचा जोड स्नायूंचा. हाड सरळ नसते, इंग्रजी एस अक्षरासारखे दोनदा वळलेले असते. वळणाच्या मधल्या भागात ते सर्वांत बारीक असते आणि तिथे स्नायूंचे आवरणही कमी असते. म्हणून दर १० पैकी साधारण ८ फ्रॅक्चर या मधल्या भागातच होतात.

आईच्या पोटात सगळ्यात आधी ज्या हाडांना घट्टपणा येऊ लागतो त्यांत हे पहिले. आणि वाढ पूर्ण व्हायला ते सर्वांत जास्त वेळ घेते. त्याचे आतले टोक पंचविशीच्या आसपास पक्के जुळते.

बऱ्याच जणांना वाटते की हात टेकून पडल्याने हे हाड मोडते. तसे कधी कधी होते. पण बहुतेक वेळा माणूस थेट खांद्यावर पडतो. दुचाकी घसरली, मूल झोपाळ्यावरून किंवा झाडावरून पडले, कबड्डीत खांद्यावर आपटले, की सगळा धक्का खांद्याच्या टोकाकडून या हाडात शिरतो आणि ते मधल्या बारीक जागी तुटते. वयस्कर माणसांत हाडे ठिसूळ झालेली असतात, त्यामुळे न्हाणीघरात घसरणेही पुरते. बाळंतपणात बाळाचा खांदा अडकला तर नवजात बाळाचेही हे हाड मोडू शकते. ते सहसा दोन-तीन आठवड्यांत आपोआप जुळते.

मोडल्यावर मानेचा स्नायू आतला तुकडा वर ओढतो आणि हाताच्या वजनाने बाहेरचा तुकडा खाली झुकतो. म्हणून खांदा खाली आणि पुढे आलेला दिसतो, आणि रुग्ण दुसऱ्या हाताने दुखरा हात धरून येतो. हे दृश्य इतके ठरलेले असते की दवाखान्यात रुग्ण दारातून आत येतानाच अंदाज येतो.

पील यांच्या छातीत काय झाले असावे

कॉलरबोनच्या मागे आणि खाली, अगदी थोड्या अंतरावर तीन महत्त्वाच्या गोष्टी असतात. हाताला रक्त नेणारी मोठी धमनी आणि हातातून रक्त परत आणणारी मोठी शीर, हाताला संवेदना आणि ताकद देणारा नसांचा जुडगा, आणि फुफ्फुसाचे वरचे टोक. यांच्यावर एका लहान स्नायूची गादी असते. त्यामुळे साध्या पडण्यात हाड मोडले तरी या गोष्टी सहसा सुरक्षित राहतात.

पील यांच्यावर घोड्याचे वजन आले. एवढ्या जोरात हाडाचे तुकडे झाले की एखादे टोकदार तुकडे खाली घुसू शकते. ठोक्याबरोबर उडणारी सूज ही आतल्या मोठ्या रक्तवाहिनीतून रक्त बाहेर येत असल्याची खूण असते. म्हणून त्यांचा मृत्यू हाड मोडल्याने न होता त्या हाडाखालची रक्तवाहिनी फाटल्याने झाला, असेच आज वैद्यकीय इतिहासात मानले जाते. छातीच्या बरगड्यांनाही मार होताच.

त्या वेळी डॉक्टरांकडे फार साधने नव्हती. एक्स-रेचा शोध १८९५ चा, म्हणजे ४५ वर्षे पुढचा. क्लोरोफॉर्म वापरात येऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती. रक्त चढवण्याची सुरक्षित पद्धत नव्हती आणि छातीच्या वरच्या भागातली रक्तवाहिनी शिवणे कोणाच्या आवाक्यात नव्हते.

घोड्यांवरची आणखी दोन माणसे

पील यांच्या दीडशे वर्षे आधी इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम याचेही हेच हाड मोडले होते. १७०२ च्या फेब्रुवारीत त्याचा घोडा चिचुंदरीसारख्या एका बीळ करणाऱ्या प्राण्याने उकरलेल्या मातीच्या ढिगावर अडखळला. राजाला आधीपासून दमा होता आणि प्रकृती तोळामासा होती. हाड बसवले गेले, पण पुढे ताप आला, फुफ्फुसात न्यूमोनिया झाला आणि मार्चमध्ये तो वारला. इथे रक्तवाहिनी नव्हती, छाती होती. दुखण्यामुळे माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, पडून राहतो. कफ साचतो. दमा किंवा जुना छातीचा आजार असलेल्या आणि वृद्ध रुग्णांत आम्ही याचीच काळजी घेतो.

आपल्याकडे शहाजीराजे भोसले १६६४ च्या जानेवारीत कर्नाटकातल्या होदिगेरे इथे शिकारीत घोड्यावरून पडून गेले, हे शाळेच्या पुस्तकापासून सगळ्यांना माहीत आहे. घोड्याची जागा आता मोटारसायकलने घेतली आहे. वेग वाढला आहे आणि खाली माती नसून डांबर आहे.

आज असा रुग्ण आला तर

पील आज आले असते तर सर्वांत आधी त्यांची वेदना कमी केली असती. वेदना जास्त आहे म्हणून तपासणी टाळायची नसते. इंजेक्शनने वेदना उतरवून तपासणी पूर्ण करायची असते. घरच्यांनीही एवढे लक्षात ठेवावे की रुग्ण हात लावू देत नाही म्हणून उद्या बघू, असे म्हणून घरी ठेवू नये.

मग हाताची नाडी, बोटांचा रंग आणि ऊब, बोटांची हालचाल, श्वास आणि रक्तदाब पाहिला जातो. छातीचा आणि खांद्याचा एक्स-रे होतो. रक्तवाहिनीची शंका आली तर डाय देऊन सीटी अँजिओग्राफी करतात. वाहिनी फाटलेली आढळली तर शस्त्रक्रियेने ती दुरुस्त करतात किंवा आतून आवरण असलेला स्टेंट बसवतात. अशा रुग्णाला भुसावळहून जळगाव किंवा त्याही पुढे मोठ्या रुग्णालयात लवकर हलवावे लागते. तेव्हा १०८ ची रुग्णवाहिका मागवावी, रुग्णाला दुचाकीवर मध्ये बसवून नेऊ नये.

साध्या फ्रॅक्चरला इतके काहीच लागत नाही. झोळी, वेदनाशामक आणि वेळ पुरते. शस्त्रक्रियेचा विचार मुख्यतः या वेळी होतो :

- हाड कातडी फाडून बाहेर आले आहे, किंवा टोकाने कातडी आतून ताणून पांढरी पडली आहे.
- रक्तवाहिनीला किंवा नसांना इजा आहे.
- तुकडे एकमेकांवर चढून हाड साधारण २ सेंटिमीटरपेक्षा जास्त आखूड झाले आहे, किंवा बरेच तुकडे झाले आहेत.
- खांद्याच्या पात्याचे हाडही सोबत मोडले आहे.
- खांद्याकडच्या टोकाचे फ्रॅक्चर सरकलेले आहे.

प्लेट बसवायची की नाही, हा निर्णय अस्थिरोगतज्ज्ञ तुमचे वय, काम आणि एक्स-रे पाहून घेतात. शेजाऱ्याला प्लेट बसवली आणि तुम्हाला झोळीच दिली, यात कोणाचे उपचार कमी पडले असे होत नाही.

ही लक्षणे दिसली तर थांबू नका

- हाडाजवळची सूज तासातासाला वाढते आहे किंवा ठोक्याबरोबर उडते आहे.
- हात गार, फिका किंवा निळसर पडला आहे.
- बोटे बधिर आहेत किंवा हलत नाहीत.
- धाप लागते, श्वास घेताना छातीत कळ येते किंवा खोकल्यातून रक्त पडते.
- भोवळ येते, घाम फुटतो, रुग्ण पांढरा पडतो.
- उलटी, गुंगी किंवा डोक्याला मार लागल्याची शंका आहे.
- पुढच्या दिवसांत ताप आणि कफ सुरू झाला आहे.

यातले एकही लक्षण असेल तर रात्र असली तरी रुग्णालयात जा. पील पडल्यावर उठून घरात चालत गेले होते, हे विसरू नका. चालता येते म्हणजे आत सगळे ठीक आहे, असा अर्थ होत नाही.

घरी काळजी

अपघाताच्या जागी हात पोटाशी धरून स्वच्छ ओढणी, उपरणे किंवा पंचाची झोळी करून गळ्यात अडकवा. हाड जागेवर बसवण्याचा प्रयत्न करू नका. तेल लावून चोळणे, हाडवैद्याकडून घट्ट बांधून घेणे टाळा. तुकड्याचे टोक कुठे आहे हे एक्स-रेशिवाय कोणालाच कळत नाही, आणि त्याच्याखाली काय आहे हे आता तुम्हाला माहीत आहे.

पहिले एक-दोन आठवडे पाठीमागे उशा लावून अर्धवट बसून झोपल्यास बरे वाटते. बोटे, मनगट आणि कोपर पहिल्या दिवसापासून हलवत राहा, नाहीतर ते आखडतात. दिवसातून अनेकदा खोल श्वास घ्या, खोकला दाबू नका. खांद्याचे व्यायाम डॉक्टर सांगतील तेव्हाच सुरू करा, आणि हात खांद्याच्या वर नेण्याची घाई करू नका. लहान मुलांचे हाड साधारण ३ ते ६ आठवड्यांत जुळते, मोठ्यांना ६ ते १२ आठवडे लागतात. वजन उचलणे, मालगाडीतला किंवा शेतातला जड माल हलवणे, मोटारसायकल चालवणे हे सगळे एक्स-रेत हाड जुळलेले दिसल्यावर आणि डॉक्टरांनी सांगितल्यावरच. विडी-सिगारेटने हाड जुळायला उशीर होतो, तेवढे दिवस तरी बंद ठेवा.

हाड जुळल्यावर त्या जागी एक गाठ हाताला लागते. ती नव्या हाडाची असते. मुलांत ती हळूहळू झिजून जाते, मोठ्यांत थोडी राहू शकते. तिने त्रास होत नसेल तर घाबरण्याचे कारण नाही. तीन-चार महिन्यांनंतरही त्या जागी हालचाल जाणवत असेल किंवा दुखत असेल, तर मात्र हाड जुळले नसण्याची शक्यता असते. पुन्हा दाखवा.

पील यांच्यामागे

वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन होण्याचा मान पील यांच्या घरच्यांनी नाकारला. त्यांच्याच इच्छेप्रमाणे त्यांना स्टॅफर्डशायरमधल्या ड्रेटन बॅसेट या गावात पुरले. इंग्लंडभरच्या कामगारांनी एकेक पेनी वर्गणी काढून त्यांचे स्मारक करायला पैसे जमवले. त्यांचा मुलगा कॅप्टन विल्यम पील १८५७-५८ च्या लढ्यात नौदलाच्या तोफा घेऊन लखनौला आला आणि १८५८ च्या एप्रिलमध्ये कानपूरला देवीच्या रोगाने वारला. तो देवीचा रोग आज जगात उरलेला नाही. त्याच्या वडिलांच्या दुखापतीवरही आज उपचार आहेत.

त्या उपचारांसाठी लागतो तो वेळ, आणि तो घरच्यांच्या हातात असतो. तुमच्या घरात कोणाची कॉलरबोन मोडली तर एक्स-रे करून घ्या, हाताची नाडी आणि बोटे डॉक्टरांनी तपासली आहेत ना हे विचारा, आणि पहिले तीन-चार दिवस वरची यादी जवळ ठेवून रुग्णाकडे लक्ष द्या. बहुतेकांना त्या यादीची गरज पडणार नाही. ज्याला पडेल, त्याच्यासाठी ती जवळ असू द्या.